राजाला राजीनामा देता येतो का? आठवा एडवर्ड आणि त्याचं ३२६ दिवसांचं राज्य

३ ऑक्टोबर २०२५ रोजी लक्झेंबर्गचे ग्रँड ड्यूक हेन्री यांनी एका कागदावर सही केली आणि त्यांचा मुलगा गियोम गादीवर आला. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये डेन्मार्कच्या राणी मार्गारेट यांनी हेच केलं. नेदरलँड्समध्ये तर ही रीतच पडून गेली आहे. विल्हेल्मिना, युलियाना आणि बिआट्रिक्स अशा लागोपाठ तीन राण्या तिथे आपणहून पायउतार झाल्या. अशी बातमी आली की हमखास विचारलं जातं: मग ब्रिटनमध्ये असं का होत नाही? दुसरी एलिझाबेथ ९६ व्या वर्षापर्यंत, अगदी मरेपर्यंत, गादीवर का राहिली?

त्या घराण्यात पदत्याग, म्हणजे राजाने जिवंतपणी गादी सोडणं, हा विषय नकोसा होण्याचं कारण एलिझाबेथचा काका आहे. आठवा एडवर्ड २० जानेवारी १९३६ ला राजा झाला आणि ११ डिसेंबर १९३६ ला राजा राहिला नाही. त्याचा राज्याभिषेकसुद्धा झाला नाही. पुढची ३५ वर्षं त्याने बहुतेक परमुलखात काढली.

‘प्रेमासाठी सिंहासन सोडलेला राजा’ एवढ्यावर त्याची गोष्ट सहसा आटोपते. ते खोटं नाही. पण त्याने दोन प्रश्न सुटत नाहीत. गादी सोडायला संसदेचा कायदा कशाला लागला? आणि सोडल्यावर देशाबाहेर का राहावं लागलं? पहिल्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळतं. दुसऱ्याचं तिथे शोधाल तर सापडणार नाही.

## हा होता कोण?

जन्म २३ जून १८९४. घरात त्याला ‘डेव्हिड’ म्हणत. वडील पाचवा जॉर्ज. राजपुत्र असताना साम्राज्यभर दौरे करणं हेच त्याचं मुख्य काम होतं आणि त्यात तो लोकप्रिय होता. आपल्याकडे मात्र त्याचं स्वागत निराळंच झालं. १७ नोव्हेंबर १९२१ ला तो मुंबईत अपोलो बंदरावर उतरला, तेव्हा असहकार चळवळ ऐन भरात होती. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. शहरात दंगल उसळली, ती काही दिवस चालली आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधीजींनी उपोषण केलं ते या दंगलीमुळे. त्याच दौऱ्यात तो पुण्याला गेला आणि शाहू महाराजांच्या पुढाकाराने भांबुर्ड्यात होणाऱ्या शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसली. (मुंबईचं जुनं ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ याच्या नावाचं, असा अनेकांचा समज असतो. ते त्याच्या वडिलांच्या १९०५ च्या भेटीवरून. आणि अपोलो बंदरावर हा उतरला तेव्हा गेटवे ऑफ इंडिया अजून बांधून व्हायचं होतं.)

१९३१ मध्ये त्याची वॉलिस सिम्पसनशी ओळख झाली. ती अमेरिकन, बाल्टिमोरमध्ये वाढलेली. पहिल्या नवऱ्यापासून १९२७ मध्ये घटस्फोट, दुसरा नवरा अर्नेस्ट सिम्पसन. एडवर्ड राजा झाला तेव्हा हे दुसरं लग्न टिकून होतं. १९३६ च्या उन्हाळ्यात राजा आणि वॉलिस एका नौकेवरून भूमध्य समुद्रात फिरले. त्याचे फोटो अमेरिकन वृत्तपत्रांत छापून आले. ब्रिटिश वृत्तपत्रांनी आपसांत समजुतीने मौन पाळलं, अमेरिकेतून येणाऱ्या मासिकांमधली ती पानंसुद्धा कापली जात. साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट ब्रिटिश जनतेला कळली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि लोकांना ती पुरती पचायच्या आत राजा निघूनही गेला.

## घटस्फोटितेशी लग्न करायला कायद्याने बंदी होती का?

नव्हती. १७०१ च्या वारसा कायद्याने राजाला कॅथलिक व्यक्तीशी लग्न करायला मनाई होती, पण वॉलिस कॅथलिक नव्हती. १७७२ च्या कायद्याप्रमाणे राजघराण्यातल्या माणसांना लग्नासाठी राजाची संमती लागे, पण इथे लग्न करणारा स्वतः राजाच होता. निव्वळ कायद्याचं बोलायचं, तर एडवर्ड वॉलिसशी लग्न करू शकला असता आणि ती राणी झाली असती.

अडलं ते दोन ठिकाणी. पहिलं, राजा हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख असतो. आधीचा जोडीदार जिवंत असताना घटस्फोटितांचं पुन्हा लग्न लावायला ते चर्च त्या काळी तयार नव्हतं, आणि वॉलिसचे तर दोन माजी नवरे हयात असणार होते. प्रमुखानेच आपल्या संस्थेचा नियम धाब्यावर बसवायचा का, हा प्रश्न होता.

दुसरं कारण जास्त वजनदार होतं. तिथे राजा कारभार करतो तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि औपचारिकपणे दिलेला सल्ला त्याने मानायचाच असतो. १६ नोव्हेंबरला एडवर्डने पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांना सांगितलं की मी हिच्याशी लग्न करणार, गादी सोडावी लागली तरी चालेल. सरकार या लग्नाच्या विरोधात होतं. राजाने ऐकलं नसतं तर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला असता. मजूर पक्षाचे नेते ॲटली हेही या बाबतीत बाल्डविन यांच्या बाजूने होते, त्यामुळे दुसरं सरकार उभं करणं सोपं नव्हतं. मग निवडणूक, आणि तिचा विषय काय, तर राजाची बायको. राजाचा असा एक पक्ष आणि राजाविरोधी दुसरा पक्ष, हे चित्र कोणालाच नको होतं. राजा सगळ्यांच्या वर आणि सगळ्यांपासून अलिप्त, याच गृहीतावर ती सगळी व्यवस्था उभी आहे. एडवर्डनेही तो डाव खेळायचं टाळलं. त्याच्यावर टीका करताना हे लोक विसरतात. चर्चिलसारखे काही जण त्याच्यासाठी वेळ मागत होते, लोकांत सहानुभूतीही होती. त्याला गोंधळ घालायचा असता तर घालता आला असता.

## मधला मार्ग काढता आला नसता का?

सुचवला गेला होता. लग्न होऊ द्यायचं, पण बायको राणी होणार नाही आणि मुलांना गादीवर हक्क राहणार नाही. युरोपातल्या काही राजघराण्यांत अशी पद्धत होती, तिला मॉर्गनॅटिक विवाह म्हणतात. इंग्लंडच्या कायद्यात मात्र ही सोयच नव्हती. राजाची बायको ती राणी, बस. म्हणजे यासाठीही नवा कायदा हवा, आणि तो एकट्या लंडनला करता येत नव्हता.

कारण १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यात असं नमूद झालं होतं की गादीच्या वारसाहक्काला हात लावायचा तर डोमिनियनांच्या संसदांचीही संमती हवी. डोमिनियन म्हणजे साम्राज्यात राहूनही स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे देश: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि आयरिश फ्री स्टेट. बाल्डविन यांनी पाचही पंतप्रधानांना तारा पाठवून विचारलं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेने नकार कळवला. न्यूझीलंडची भूमिका मवाळ होती. डब्लिनमध्ये आयरिश सरकारचे प्रमुख डी व्हॅलेरा यांना राजाच्या लग्नापेक्षा राजालाच आपल्या राज्यघटनेतून कसं बाहेर काढता येईल यात रस होता. २ डिसेंबरला बाल्डविन यांनी राजाला सांगितलं की हा मार्ग बंद आहे. उरले तीन पर्याय: वॉलिसला सोडा, सल्ला झुगारून लग्न करा, किंवा गादी सोडा.

## सही केली की झालं नाही का?

समजा, तुमच्या काकांनी वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा सोडायचं ठरवलं. हक्कसोडपत्र लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. तेवढ्याने सातबाऱ्यावरचं नाव जातं का? दस्त नोंदवावा लागतो, तलाठ्याकडे फेरफार घालावा लागतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो, तेव्हा कुठे नाव कमी होतं.

एडवर्डचं तसंच झालं. १० डिसेंबरला विंडसरजवळच्या फोर्ट बेल्व्हेडियर या आपल्या घरी त्याने पदत्यागाच्या कागदावर सही केली. साक्षीदार म्हणून तिघा भावांच्या सह्या. हे हक्कसोडपत्र. पण इंग्लंडची गादी कोणाकडून कोणाकडे जायची हे १७०१ मध्ये संसदेने कायद्याने ठरवलेलं आहे. जी रांग संसदेने लावली, ती संसदेनेच बदलायची. म्हणून ११ डिसेंबरला एक छोटासा कायदा दोन्ही सभागृहांत एका दिवसात मंजूर झाला. हा फेरफार. आणि कुठलंही विधेयक राजाच्या मंजुरीशिवाय कायदा होत नाही, तेव्हा त्या विधेयकाला मंजुरी देणं हेच एडवर्डचं राजा म्हणून शेवटचं काम ठरलं. स्वतःला गादीवरून उतरवणारा कायदा त्याने स्वतःच मंजूर केला. दुपारी दोन वाजायच्या आत त्याचा भाऊ ॲल्बर्ट राजा झाला होता, सहावा जॉर्ज या नावाने. ॲल्बर्टची थोरली मुलगी एलिझाबेथ तेव्हा १० वर्षांची होती.

त्या कायद्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एडवर्डने गादी सोडली ती पुढे होणाऱ्या मुलाबाळांसकट, म्हणजे जन्माला न आलेल्या वारसांचाही हक्क गेला. आणि लग्नासाठी राजाची संमती लागण्याचा १७७२ चा नियम त्याला लागू होणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. नाहीतर गादी सोडल्यावर लग्नासाठी धाकट्या भावाकडे परवानगी मागायची वेळ आली असती.

‘पण याआधी कोणी गादी सोडलीच नव्हती का?’ असं कोणी विचारेल. १६८८ मध्ये दुसरा जेम्स फ्रान्सला पळून गेला, तेव्हा त्याचं पळणं हाच पदत्याग असं संसदेने ठरवून टाकलं होतं. आपण होऊन, लेखी, शांतपणे गादी सोडणारा एडवर्ड हा त्या देशातला पहिलाच.

इथे एक गंमत झाली. जमीन पाच-सहा गावांत पसरलेली असली की प्रत्येक गावचा सातबारा वेगळा असतो. डोमिनियनांनी आपापला फेरफार आपापल्या तारखेला घातला. दक्षिण आफ्रिकेने पुढच्या वर्षी कायदा करून ठरवलं की सही झाली तेव्हाच, म्हणजे १० डिसेंबरलाच, गादी सुटली. लंडनमध्ये ती तारीख ११. डी व्हॅलेरा यांनी संधी साधून ११ तारखेला राज्यघटनेतले राजाचे उल्लेख काढून टाकले आणि परराष्ट्र व्यवहारापुरता राजा ठेवणारा वेगळा कायदा १२ ला केला. त्यामुळे ११ डिसेंबरच्या संध्याकाळी लंडनमध्ये सहावा जॉर्ज राजा होता, तर डब्लिनच्या कागदांवर अजून एडवर्डच.

## आणि हिंदुस्थान?

पदत्यागाच्या कागदावर एडवर्डच्या नावापुढे ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हे बिरुद स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ज्याचा तो सम्राट, त्या देशाच्या संमतीचा प्रश्नच आला नाही. हिंदुस्थान डोमिनियन नव्हता. लंडनला जो राजा, तो इथला सम्राट, इतका सरळ हिशोब.

ब्रिटिश सरकारने इथे त्याच्या चेहऱ्याचं नाणं काढलंच नाही, १९३६ सालच्या नाण्यांवर पाचवा जॉर्जच राहिला. कच्छ संस्थानाने मात्र त्याच्या नावाची ‘कोरी’ (तिथलं चांदीचं नाणं) पाडली. जुनी नाणी जमवणाऱ्यांना ती ठाऊक असते.

संस्थानिकांना गादी सोडायला संसदेचा कायदा वगैरे लागत नसे, हेही लक्षात घ्यायला हवं. मुंबईत मलबार हिलवर जानेवारी १९२५ मध्ये बावला या व्यापाऱ्याचा खून झाला आणि त्यात इंदूर दरबारची माणसं सापडली. त्यानंतर इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीराव होळकरांपुढे ब्रिटिशांनी दोनच वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलासाठी गादी सोडली. पुढे १९२८ मध्ये त्यांनी एका अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं, तेही तिला हिंदू धर्मात घेऊन. एडवर्डच्या दहा वर्षं आधीची ही हकिगत आहे.

## त्याला हद्दपार कोणी केलं?

कोणीच नाही. निदान कागदावर तरी. ११ डिसेंबरच्या रात्री त्याने विंडसरहून रेडिओवर भाषण केलं. ज्या स्त्रीवर माझं प्रेम आहे तिच्या साथीशिवाय राजाची जबाबदारी पेलणं मला अशक्य वाटलं, असं तो म्हणाला. त्याच रात्री पोर्ट्समथहून युद्धनौकेने तो फ्रान्सकडे निघाला. ‘या देशात पाऊल ठेवू नये’ असा एकही आदेश निघालेला नव्हता.

सुरुवातीला जावं लागलं ते वॉलिसच्या घटस्फोटामुळे. इंग्लंडमध्ये तेव्हा आधी तात्पुरता हुकूमनामा मिळे आणि सहा महिन्यांनी कायमचा. दरम्यान दोन्ही पक्षांनी संगनमत केल्याचं दिसलं तर सगळं रद्द होऊ शकत असे. तात्पुरता हुकूमनामा २७ ऑक्टोबरचा. गादी गेली, आणि घटस्फोटही फसला, असं होऊ नये म्हणून ती दक्षिण फ्रान्समध्ये आणि तो ऑस्ट्रियात असे ते मे १९३७ पर्यंत वेगळे राहिले. ३ जून १९३७ ला फ्रान्समधल्या एका वाड्यात लग्न झालं. राजघराण्यातलं कोणीही आलं नाही.

लग्नानंतर परतायचं असा त्याचा बेत होता. एखादं साजेसं पद, फोर्ट बेल्व्हेडियरमधलं घर, एवढी अपेक्षा. पण राजा नसलेल्या माजी राजाला देशात स्थान काय, याबद्दल ना कायदा होता ना रिवाज. आणि जिथे नियम नसतो तिथे पैसा आणि मानपान यांचा वापर होतो. सँड्रिंगहॅम आणि बाल्मोरल ही घरं वडिलांकडून आलेली त्याची खाजगी मालमत्ता होती, ती धाकट्या भावाला विकत घ्यावी लागली. भावाकडून वार्षिक नेमणूक ठरली, पण विनापरवाना इंग्लंडला आलास तर ती बंद, असं त्याला बजावण्यात आलं. दुसऱ्या बाजीरावाला आठ लाखांचं पेन्शन देऊन इंग्रजांनी बिठूरला बसवलं होतं, ते मराठी वाचकाला इथे आठवल्याशिवाय राहणार नाही. फरक एवढाच की बाजीराव लढाई हरला होता.

मानपानाचा घाव जास्त खोल बसला. त्याला ‘ड्यूक ऑफ विंडसर’ हा किताब दिला, पण मे १९३७ मध्ये राजाने फर्मान काढलं की ‘हिज रॉयल हायनेस’ हे संबोधन फक्त त्याचं, बायकोला ते मिळणार नाही. म्हणजे गादीवर असताना जे मॉर्गनॅटिक लग्न अशक्य म्हणून नाकारलं, जवळपास तेच गादी सोडल्यावर त्याच्या माथी मारलं गेलं. माझ्या मते पदत्यागाच्या साऱ्या कथेत हीच खरी कोतेपणाची गोष्ट आहे. वॉलिसला तो मान मिळेपर्यंत परतायचं नाही, या हट्टापायी त्याने उरलेली वर्षं घालवली. तोही काही कमी नव्हता.

## नाझींशी संबंध म्हणूनच त्याला काढलं, हे खरं का?

समाजमाध्यमांवर हे ठासून सांगितलं जातं. कारण आणि परिणाम यांची त्यात अदलाबदल होते. १९३६ मध्ये सरकार आणि राजा यांच्यात ज्यावरून ठिणगी पडली तो विषय लग्नाचाच होता. जर्मनीबद्दल त्याला आपुलकी होती आणि ती लपून नव्हती, पण त्याच्यावर डाग लागला तो नंतरच्या वागण्याने. ऑक्टोबर १९३७ मध्ये तो वॉलिसला घेऊन जर्मनीत गेला आणि हिटलरला भेटला. सरकारचा सल्ला ऐकण्याचं बंधन आता त्याच्यावर नव्हतं. राजकीय शहाणपण त्याच्याकडे पहिल्यापासून बेताचंच होतं.

१९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर तो स्पेनमार्गे लिस्बनला पोचला. त्याला स्पेनमध्ये थोपवून पुढेमागे वापरून घ्यायचा बेत जर्मनांनी आखला. चर्चिलनी त्याला बहामा बेटांचा गव्हर्नर नेमलं आणि ऑगस्टमध्ये अटलांटिकपार धाडून दिलं. युद्धानंतर हाती लागलेली जर्मन कागदपत्रं १९५७ मध्ये छापली गेली, त्यांतून हा बेत उघड होतो. त्याने देशद्रोहाला होकार दिला, असं त्यांतून सिद्ध होत नाही. मात्र तो कोणाहीपुढे नको तेवढं बोलत असे, हे दिसतं. माजी राजा परदेशात रिकामा बसला की काय होतं, याचा धडा त्याच्या भावाच्या सरकारला चांगलाच मिळाला. बहामातही त्याला एक तऱ्हेने नजरेआडच ठेवलं होतं. १९४५ मध्ये ते पद सोडल्यावर त्याला दुसरं काम कधीच मिळालं नाही.

पुढचं आयुष्य पॅरिसमध्ये मेजवान्या, कुत्री, गोल्फ आणि आठवणी लिहिणं यात गेलं. अंत्यविधी, डोळ्यांचं ऑपरेशन अशा निमित्ताने तो अधूनमधून लंडनला येई. १९४७ मध्ये पुतणीच्या लग्नाला किंवा १९५३ मध्ये तिच्या राज्याभिषेकाला तो नव्हता. २८ मे १९७२ ला पॅरिसमध्ये तो वारला, त्याच्या दहा दिवस आधी एलिझाबेथ त्याला भेटून गेली होती. दफन विंडसरजवळ फ्रॉगमोरला झालं. वॉलिस १९८६ मध्ये गेली, तीही तिथेच आहे. त्यांना मूल झालं नाही, त्यामुळे वारसांचा हक्क काढणाऱ्या त्या कलमाची कसोटी लागलीच नाही.

## आज झालं असतं तर?

लग्नाचा प्रश्न उरला नसता. चर्चने २००२ मध्ये नियम सैल केला. २००५ मध्ये चार्ल्सने घटस्फोटित कॅमिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तिचा पहिला नवरा हयात असताना, आणि आज ती राणी आहे.

गादीच्या रांगेला हात लावायचे नियम मात्र तसेच आहेत, उलट यादी लांबली आहे. चार्ल्स आज ब्रिटन धरून १५ देशांचा राजा आहे. मुलाआधी मुलीचा जन्म झाला तरी मुलगाच पुढे, ही पद्धत बंद करायला या देशांनी २०११ मध्ये पर्थला एकमत केलं, ब्रिटनने २०१३ मध्ये कायदा केला, आणि सगळीकडची पूर्तता होऊन तो लागू व्हायला मार्च २०१५ उजाडला. सगळे राजी असताना एवढा वेळ.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चार्ल्सने भाऊ अँड्र्यूचा ‘प्रिन्स’ हा किताब काढून घेतला. ते काही दिवसांत झालं, कारण किताब देणं-घेणं राजाच्या फर्मानाने होतं, १९३७ मध्ये वॉलिसच्या बाबतीत झालं तसंच. पण वारसांच्या रांगेतला अँड्र्यूचा आठवा क्रमांक त्या फर्मानाने हलला नाही. तो काढायचा तर ब्रिटनच्या संसदेला कायदा करावा लागेल आणि बाकीच्या १४ देशांना विचारावं लागेल.